घडी होणारा कंदील

दिवाळी तोंडावर आली की माझी चिडचिड सुरू होते. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, दुपारी वर्गात पंख्याखाली उभं राहिलं तरी ब्लाउज पाठीला चिकटतो. आणि घरी यावं तर जिनाभर भाजणीचा वास. कोणाकडे चकली चालली आहे, कोणाकडे बेसन भाजतायत, हे पायऱ्या चढताना नाकालाच कळतं. पूर्वी या वासाने दिवसभराचा शीण जायचा माझा. आता तो वास आला की कॉलेजातली जिन्याखालची खोली आठवते आणि तिथे फरशीवर फतकल मारून बांबूच्या कामट्या तासणारी ऋतुजा परब आठवते. एवढ्या चांगल्या वासाचं असं मातेरं झालं माझ्यापुरतं.

परवा स्टेशनजवळच्या दुकानांवर कंदील टांगलेले दिसले. प्लास्टिकचे, चमचमणारे, बटण दाबलं की सात रंग फिरणारे. त्याच दुपारी आमच्या प्राचार्यांनी बोलावून घेतलं. यंदाही विद्यार्थ्यांचा स्टॉल लावा म्हणाले, गेल्या वर्षीचे फोटो फार सुंदर आले होते. आले होते, खरंच आले होते. फोटोत रिकामं टेबल आहे, हसणारी मुलं आहेत, एकही कंदील उरलेला नाही. बघणाऱ्याला वाटावं, काय धंदा झाला असेल. मी बरं म्हटलं आणि बाहेर येऊन घटाघटा पाणी प्यायले.

मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवते, आणि उद्योजकता कक्ष नावाचं लोढणं माझ्या गळ्यात आहे. कक्ष म्हणजे जिन्याखालची तीच खोली. अर्ध्या खोलीत क्रीडा विभागाच्या गाद्या आणि मोडका कॅरम, उरलेल्या अर्ध्यात देशाचे भावी उद्योजक. दरवर्षी मी मुलांना बसमध्ये कोंबून ठाण्याला, माजिवड्याच्या एका हॉलमध्ये मेळाव्याला नेते. तिथे कोट घातलेला कोणी तरी स्टेजवरून उतरतो, मुलांमध्ये फिरतो आणि माइकमध्ये ओरडून विचारतो की मालक व्हायचंय की नोकर. मुलं 'मालक' म्हणून ओरडतात. परतीच्या बसमध्ये तीच मुलं रेल्वेच्या आणि पोलीस भरतीच्या जाहिराती एकमेकांना पाठवत बसतात. मी त्यांना हसत नाही. नोकऱ्या उरल्या नाहीत म्हणून आपल्याला मालक व्हायला सांगतायत, एवढं त्यांना बरोबर कळतं. मला विचारायचं ते एवढंच विचारतात, मॅडम, अटेंडन्स लागेल ना?

म्हणूनच ऋतुजा वेगळी वाटली. गणपती नुकतेच गेले होते, मी फळ्यावर कसलीशी आकृती काढत होते, आणि शेवटच्या बाकावरून ही मुलगी म्हणाली, "मॅडम, कंदील घडी का नाय होत? छत्रीसारखा?" विठ्ठलवाडीला त्यांच्या दोन खोल्या. माळा सामानाने भरलेला, कंदील ठेवायला जागा नाही, म्हणून आई दरवर्षी तो टाकून देते आणि दरवर्षी नवा घेताना पप्पांची कटकट. वर्ग हसला. मी मात्र खडू हातात धरून उभी राहिले. इतकी वर्षं शिकवतेय मी बाजारपेठ आणि मागणी आणि काय काय, पण एखादी वस्तू अशी का आहे, तशी का नाही, हे मला वर्गात कोणी विचारलं नव्हतं. डोळ्यात पाणी आलं माझ्या, भर वर्गात.

तिने तो बनवलाही. कामट्यांची टोकं दोऱ्याने अशी बांधली की एक दोरी ओढली की कंदील उघडतो आणि सोडली की चपटा होऊन कपाटामागे सरकवता येतो. कागद घडीवर फाटायचा, म्हणून तिने कापड घेतलं, जुन्या सुती साड्यांचं. मग सगळ्यांच्या घरून साड्या आल्या. मीही एक दिली, डाळिंबी रंगाची, बारीक चौकड्यांची. पहिली नोकरी लागली तेव्हा आत्याने घेतलेली आणि कॉलेजात पहिल्या दिवशी मी नेसलेली. विरली होती पार, पण टाकवत नव्हती. ऋतुजाने ती उजेडासमोर धरून बघितली आणि म्हणाली, मॅडम, ही आतून काय दिसेल!

त्या दिवसांत आमच्या खोलीला डांबराच्या गोळ्यांचा आणि कँटीनच्या गॅसवर शिजवलेल्या खळीचा वास असायचा. पंखा लावायची सोय नव्हती, चिंध्या उडायच्या. सगळे घामाने निथळत बसायचो. मुलांच्या बोटांत बांबूची सल जायची आणि मी चष्मा पुसून सुईने ती काढत बसायचे. सेमिस्टर डोक्यावर होती, तरी एका बाजूला पुस्तक उघडं ठेवून दुसऱ्या हाताने खळ लावणं चालायचं. ऋतुजा प्रत्येक तयार कंदिलात बल्ब लावून बघायची आणि कापडाला गाल टेकवून ते किती तापलंय याचा अंदाज घ्यायची. छोटाच बल्ब लावायचा, मोठ्याने कापड तापतं आणि खळ सुटते, हे तिने आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की सोहम तिची नक्कल करायला लागला. सोहम म्हणजे तिचा वर्गमित्र, डोंबिवली पश्चिमेचा, तोंडाला कुलूप नसलेला मुलगा. मी घरी जायचं विसरायचे. इतक्या सुखात मी कॉलेजात कधी बसले नव्हते.

त्याच दिवसांत एकदा ऋतुजाचे वडील भेटायला आले. ठाण्याला एका सरकारी कार्यालयात आहेत, अर्धा दिवस रजा टाकून आलेले. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून क्रीडा विभागाच्या गादीवर बॅग मांडीवर घेऊन टेकले. मला वाटलं भांडतील. ते अगदी शांतपणे बोलले, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली.

"मॅडम, मी तिच्या वाईटावर नाही. माझ्या धाकट्या भावाने शीळफाट्याला गाळा घेतला होता, खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा. हात चांगला होता त्याचा. ते शटर बंद पडलं तेव्हापासून दोन घरं माझ्या एका पगारावर चालतायत. दिवाळीपर्यंत करू दे तिला. लोक पैसे देऊन घेतात, एवढंच मला दाखवा. नाही तर दिवाळीनंतर बँकेच्या परीक्षेचा क्लास. कल्याणला चौकशी करून ठेवली आहे मी."

तिथून पुढे माझी झोप उडाली. हसू नका, पण मला असं वाटायला लागलं होतं की ही एक मुलगी उभी राहिली तर मी इतकी वर्षं केलेली बडबड फुकट गेली नाही. आणि ही बसली, तर मी नुसती फोटो काढणारी बाई.

मग आम्ही विकायची तालीम केली. सोहम गॉगल लावून खडूस गिऱ्हाईक व्हायचा, कंदील उलटासुलटा करायचा, हिंदीत घासाघीस करायचा. ऋतुजा त्याच्या डोळ्यांत बघून ठणकावून भाव सांगायची, दोरी ओढून कंदील मिटून दाखवायची आणि म्हणायची, घडी होतो, पुढच्या वर्षीही चालतो. फार छान करायची. परक्या गिऱ्हाइकाची तालीम आमची पक्की झाली होती. ओळखीचं गिऱ्हाईक व्हावं हे सोहमला सुचलं नाही आणि मलाही नाही.

परीक्षा संपली ती ऐन धनत्रयोदशीला. स्टॉल कुठे लावायचा हा प्रश्नच नव्हता. दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे आंघोळी करून, नटूनथटून अख्खी डोंबिवली फडके रोडवर येते, गणपतीचं दर्शन घेते आणि मग नुसती उभी राहते, एकमेकांना भेटत. सोहम म्हणाला, मॅडम, एवढी पब्लिक वर्षात एकदाच भेटते, सोडायची नाय. मलाही ते पटलं. एका ओळखीच्या दुकानदाराने आपली पायरी दिली, ओळखीच्या डेकोरेटरने टेबल दिलं. कोणीच पैसे घेतले नाहीत, आणि आम्ही खूश झालो.

आम्ही सगळे कॉमर्सवाले हो! आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की त्या पहाटे माणसं घराबाहेर पडतात ती दारात कंदील लावूनच.

ती सकाळ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. उटण्याचे, अत्तराचे, फटाक्यांच्या धुराचे वास एकमेकांत मिसळलेले. नऊवारीतल्या मुली, कडक इस्त्रीचे झब्बे, कुठे तरी वाजणारा ढोल. आमचे कंदील दोरीवर ओळीने लावलेले, आत छोटे बल्ब, आणि माझी डाळिंबी साडी मधोमध. परके लोक थांबायचे, वा म्हणायचे, फोटो काढायचे आणि पुढे जायचे. त्यांना कंदील नको होता. बरोबर आहे, कशाला हवा होता?

मग ऋतुजाच्या शाळेतल्या बाई आल्या. हिला ओळखून त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला, किती मोठी झालीस म्हणाल्या, आणि केवढ्याला गं हा, असं विचारलं.  ऋतुजाने तोंड उघडलं आणि म्हणाली, बाई, तुमच्याकडून काय घ्यायचं, असू दे. बाई नको नको म्हणत होत्या आणि ही त्यांच्या पिशवीत कंदील घालत होती.

बांध फुटला तो तिथेच. सोहमच्या बिल्डिंगमधल्या काकू आल्या, कोणाची मावशी आली, कोणाच्या बाबांच्या ऑफिसातले आले. या गावात ओळखीचा माणूस भेटल्याशिवाय चार पावलं टाकता येत नाहीत, आणि आम्ही तर ओळखीची जत्राच गाठली होती. घरी लावलाय गं एक, पण मुलांनी केलाय ना, म्हणून घेते, असं म्हणत प्रत्येक जण प्रेमाने उचलत होता. पैसे पुढे करणारेही होते. त्यांचे हात ही मुलं मागे ढकलत होती.

मी ऋतुजाला बाजूला ओढलं. पप्पांना काय दाखवणार आहेस, असं विचारलं. आवाज चढला होता माझा, आजूबाजूचे बघायला लागले.

"मला कळतंय, मॅडम," ती म्हणाली.  "पण ते विचारतात ना, तेव्हा आकडा तोंडातून निघतच नाय. लाज वाटते."

मग मीच पुढे उभी राहिले. माझ्या समोरच्या घरातल्या सुमतीताई आल्या. एके काळी सोहमची गणिताची शिकवणी त्यांच्याकडे होती. त्यांनी डाळिंबी कंदिलाला हात लावला आणि मी त्यांना खणखणीत भाव सांगितला. त्यांचा हात तसाच थांबला. अगं वसुधा, आपल्यातल्यांना पण, असं म्हणून त्या हसल्या. कंजूष नाहीत त्या, पर्सची चेन उघडत होत्या हे मी बघितलं. पण सोहमने कंदील मिटून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, ताई, मॅडम मस्करी करतायत. ऋतुजाने मागून माझा पदर ओढला. मॅडम, प्लीज, असं ती इतकं हळू म्हणाली की मला पुढे बोलवेना.

ऊन चढेपर्यंत दोरी रिकामी झाली. आणि मग आमची माणसं काय करतात? घरी जाऊन फराळाचे डबे घेऊन परत येतात. टेबलावर चकल्या, करंज्या, चिवडा, शंकरपाळे. एवढं प्रेम मिळालं आम्हाला त्या दिवशी की त्याखाली आमचा धंदा सापडेना.

ऋतुजाचे पप्पा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. लांबूनच त्यांना रिकामी दोरी दिसली, आणि त्या माणसाचा चेहरा उजळला. हे मी कधीच विसरणार नाही. हरायची तयारी नव्हे, तर जिंकायची आशा घेऊन आले होते ते.

"सगळे गेले?" त्यांनी विचारलं.

"गेले, पप्पा."

"लोकांनी पैसे देऊन घेतले?"

 ऋतुजाने एक डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा डब्यांच्या ओळीकडे. मग एक चकली उचलली आणि उभ्या उभ्या सावकाश खाल्ली. खुसखुशीत आहे म्हणाले. "माझा भाऊही असाच, मॅडम. गिऱ्हाईक ओळखीचं निघालं की चहा पाजायचा आणि तसाच पाठवायचा. माणूस म्हणून सोनं होता." एवढं बोलून त्यांनी बाह्या दुमडल्या आणि टेबल उचलायला मुलांना हात लावला.

भाऊबीज झाली आणि मी विठ्ठलवाडीला त्यांच्या घरी गेले. एक संधी द्या म्हटलं, माल उत्तम होता, चूक जागेची झाली, वेळेची झाली, पुढच्या वेळी मी स्वतः गल्ल्यावर बसते. नाही नाही ते बोलले मी. ऋतुजा आतल्या खोलीच्या दारात उभी होती, तिच्या हातात क्लासची पिशवी होती. परबांनी मला पूर्ण बोलू दिलं, चहा दिला, लाडू दिला. मग विचारलं, "मॅडम, तुमचा पगार वेळेवर होतो ना?" टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होते. मी हो म्हटलं. मग चहा संपवला आणि निघाले.

मग वर्षभर मी विचार करत राहिले, चिडून, रडून, आंघोळ करताना, पेपर तपासताना. आमच्या पुस्तकात वस्तूची किंमत कशी ठरवावी यावर एक अख्खा धडा आहे. ठरवलेली किंमत काकूंना तोंडावर कशी सांगावी, यावर एक ओळ नाही. आमच्या घरांत पैशाची गोष्ट निघाली की आवाज खाली येतो. पाहुण्याच्या हातातली नोट परत त्याच्या खिशात कोंबणं हे आमच्याकडे संस्काराचं लक्षण. वीस वर्षं आम्ही मुलांना हे घरी शिकवायचं आणि मग कॉलेजात जिन्याखाली बसवून सांगायचं, व्हा उद्योजक. त्यांना 'घ्या' म्हणता येतं. 'द्या' म्हणता येत नाही. ते शिकवायला मी कुठून शब्द आणू? यंदाच्या मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, अटेंडन्स लागेल ना? मी लागेल म्हटलं. भांडायचं बळ नव्हतं.

ऋतुजा मधे एकदा कल्याणला दिसली, क्लासबाहेर, पाठीवर जड बॅग. पहिल्या परीक्षेत थोडक्यात राहिली, आता परत देतेय. बरं चाललंय, मॅडम, असं म्हणाली. वाळली होती फार. मी तिच्या बोटांकडे बघत होते.

काल वसुबारस. संध्याकाळी कॉलेजातून थकून आले, कुलूप उघडलं, खिडकीशी गेले, तर समोर सुमतीताईंच्या गॅलरीत डाळिंबी उजेड. बारीक चौकड्या भिंतीवर पडलेल्या. काय दिसत होता! वाऱ्याने कंदील हलला की सगळी गॅलरी हलल्यासारखी वाटायची. मी तशीच चपला घालून त्यांच्याकडे गेले.

त्या खुशीत होत्या. "अगं, तुझ्या त्या मुलांचा आहे. तेव्हा घरात एक लावलेला होता, म्हणून हा घडी करून कपाटामागे ठेवला. नवाच्या नवा आहे बघ. यंदा विकत घ्यावाच लागला नाही. करतात का गं अजून ती मुलं?"

मी जिन्यात आले आणि ऋतुजाला फोन लावला. मागे क्लासमधला गोंगाट ऐकू येत होता. मी भराभरा बोलत सुटले, अगं, तो अजून तसाच आहे, एक धागा हललेला नाही, तू परत सुरू कर, मी पप्पांशी पुन्हा बोलते, पाया पडते त्यांच्या. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, आत बल्ब कुठला लावलाय?"

मी उघड्या दारातून मागे वळून बघितलं. पिवळा होता, मोठा.

"तो आत्ताच्या आत्ता काढायला सांगा. डाळिंबी ना? त्याच्या खालच्या काठाला मी घाईत खळीचा एकच हात दिला होता. सुटेल तो." मग तिने विचारलं, "आतून कसा दिसतो, मॅडम?"

छान दिसतो म्हटलं. मला आणखी काही सांगायचं होतं, पण सर आले, ठेवते, असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी खाली दुकानात जाऊन छोटा बल्ब आणला आणि सुमतीताईंच्या स्टुलावर चढून बदलला. खालचा काठ हाताला गरम लागत होता, पण सुटला नव्हता. उजेड जरा मंद झाला, चौकड्या मात्र जास्त स्पष्ट दिसायला लागल्या. मी खाली उतरले. सुमतीताईंनी पर्स काढली होती. बल्ब केवढ्याला पडला गं, थांब, देते, असं त्या म्हणत होत्या.

"अहो, असू दे," मी म्हटलं. म्हटलं आणि तिथेच त्या स्टुलावर बसले.